सायकलीतला 'कट्'



मागच्या महिन्यात आमच्या नातवाची सायकल आजारी पडली. आजारी म्हणजे काय, तर चालवताना 'कट्... कट्...' असा आवाज. उजवं पायडल खाली गेलं की कट्. बाकी सगळं ठणठणीत. सायकल गिअरची, ॲल्युमिनियमची, दोनच वर्षांपूर्वी घेतलेली. दुकानात नेली तर तिथल्या मुलानं सांगितलं, "बी.बी. गेलंय, पूर्ण बदलावं लागेल." (ज्यांनी कधी सायकल उघडलेली पाहिली नाही त्यांच्यासाठी : बी.बी. म्हणजे दोन्ही क्रँक ज्या आडव्या दांड्याला जोडलेले असतात तो दांडा, त्याचे छर्रे आणि वाट्या.) नातू पैसे मागायला माझ्याकडे आला, कारण बापाकडे मागितले की आधी मार्कांची चर्चा होते.

मी म्हटलं, "सोसायटीत एक फेरी मार. पण सीटवर बसायचं नाही. उभं राहून पायडल मारायचं."

गेला, आला. "आजोबा, आवाज नाही आला!"

"आता बसून जा."

"आला!"

मग सीटचा दांडा बाहेर ओढून काढला, आतली नळी जुन्या बनियनच्या तुकड्यानं पुसली, ग्रीसचं एक बोट फिरवलं आणि बोल्ट आवळून टाकला. आवाज बंद. खर्च शून्य. नातवाच्या नजरेत माझा भाव एकदम वाढला. "तुम्हाला कसं कळलं?" असं त्यानं दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा मी "अनुभव!" असं म्हणून मिशीतल्या मिशीत हसलो.

खरं उत्तर असं होतं की मी एकदा एका भल्या माणसावर चोरीचा आळ घेतला होता, त्यातून कळलं. पण ते पार्किंगमध्ये उभं राहून नातवाला सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे लिहितो आहे. जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे मध्ये मध्ये सनावळ्या येणारच. कंटाळा आला तर उड्या मारत वाचा, परीक्षा घेणार नाही.

तर, गोष्ट १९७२ सालची. त्याच्या आदल्या जूनमध्ये मी सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडीच्या पलीकडच्या एका गावी हायस्कुलात मास्तर म्हणून लागलो. बी.ए. नुकतं झालेलं, वय बावीस. राहायला आमच्या घरी तासगावच्या बाजूला, आणि शाळा ११ किलोमीटरवर. जायला-यायला अण्णांची सायकल. अण्णा म्हणजे माझे वडील. ते १९७० मध्ये गेले आणि माझ्या वाट्याला एक लोखंडी ट्रंक, एक छत्री आणि ही सायकल आली.

सायकल रॅले कंपनीची. नुसती रॅले नव्हे, 'इंग्लिश' रॅले! इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या कारखान्यात बनलेली, पुढच्या नळीवर बगळ्याच्या डोक्याचा बिल्ला. अण्णांनी ती १९५४ साली चार महिन्यांच्या पगाराइतके पैसे मोजून घेतली होती. पुढे १९५७-५८ च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई झाली, आयातीवर कडक निर्बंध आले आणि इंग्लिश सायकल दिसेनाशी झाली. मग तर अण्णांच्या सायकलीला गावात गाईसारखा मान मिळू लागला. घरात तिच्याविषयी बोलताना 'इंग्लिश' हा शब्द वगळला तर अण्णा दुरुस्त करायचे.

हा 'इंग्लिश' शब्द लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोटाळा त्याचाच आहे.

१९७२ च्या फेब्रुवारीत सायकल बोलू लागली. कट्. उजवा पाय खाली, कट्. उजवा पाय खाली, कट्. उतारावर पाय थांबवले की आवाज बंद. चढाला जोरात. आता माझा हिशेब पाहा. त्या सायकलीच्या पायडलची एक फेरी झाली की सायकल सहा मीटरला थोडी कमी पुढे जाते. म्हणजे जाऊन-येऊन २२ किलोमीटरला पावणेचार हजार फेऱ्या. उतार वजा केले तरी रोज तीन हजार वेळा कट्! डोक्यात घण घातल्यासारखं व्हायचं. रात्री झोपेत सुद्धा ऐकू यायचा.

सायकलीचा आणि आवाजाचा संबंध मुळातलाच आहे म्हणा. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये जी पायडलवाली दोन चाकं धावू लागली, त्यांची चाकं लाकडाची आणि वर लोखंडी धाव, आपल्या बैलगाडीसारखी. फरशीच्या रस्त्यावर ती अशी खडखडायची की इंग्रजांनी तिचं नावच 'हाडं खिळखिळी करणारी' असं ठेवलं. तेव्हापासून पुढे सायकलीत जी जी सुधारणा झाली, ती एका परीनं कुठला ना कुठला खडखडाट मारण्यासाठीच झाली. १८६९ साली ज्यूल सुरिरे नावाच्या पॅरिसच्या सायकल कारागिरानं छर्‍यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पॅरिस ते रुआँ ही शर्यत जेम्स मूर या गड्यानं तसले बेअरिंग लावलेल्या सायकलीवर जिंकली. १८८० मध्ये मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्डनं बुश आणि रोलरची चेन काढली. आज आपल्या सायकलीला जी चेन असते ती हीच, बदल फार थोडा. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीची 'रोव्हर' आली : दोन्ही चाकं जवळपास सारखी, चेन मागच्या चाकाला. आणि १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपनं, जो पेशानं गुरांचा डॉक्टर, आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. (ते पेटंट पुढे रद्द झालं, कारण रॉबर्ट थॉमसन नावाच्या माणसानं ती कल्पना चाळीस वर्षं आधीच नोंदवून ठेवली होती! नाव मात्र डनलॉपचंच राहिलं. असो.)

गंमत अशी की त्याच १८८८ साली, ज्या वर्षी डनलॉपचं पेटंट झालं, आपल्याकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलीचं दुकान काढलं. नांगर, कडबा कापायचं यंत्र, १९१० मधली किर्लोस्करवाडी, हे सगळं नंतर. आधी सायकल. बेळगावात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. शाळेजवळ ज्या मिस्त्रींचं सायकल दुकान होतं, त्यांना ही गोष्ट फार प्रिय. पंक्चर काढता काढता कुणालाही ऐकवायचे, "किर्लोस्करबी आधी सायकलवालाच हुता बगा!"

हे मिस्त्री म्हणजे पस्तीस-चाळिशीचा, वाळक्या अंगाचा माणूस. दुकान म्हणजे चिंचेखाली चार पत्रे, एक पाण्याची घमेली, हवेचा पंप, आणि तारेला लटकवलेल्या जुन्या रिमा. माझी सायकल त्यांच्याकडे नेली. त्यांनी ती उलटी केली, हातानं पायडल फिरवलं. आवाज नाही. मग लांब पेचकसाची मूठ कानाला लावली आणि टोक एकदा हबला, एकदा बी.बी.ला, एकदा पुढच्या फोर्कला टेकवून ऐकत बसले, डॉक्टर नळी लावतो तसे. काही नाही.

इथे मला माझं शिक्षण आठवलं. मी म्हटलं, आपण शास्त्रीय पद्धतीनं जाऊ. आमच्या सायकलीच्या पुढच्या चेनव्हीलला ४८ दाते, मागच्या फ्रीव्हीलला १८. म्हणजे पायडलच्या ३ फेऱ्यांत चाकाच्या बरोबर ८ फेऱ्या. चेनच्या कड्या मोजल्या : ११२. म्हणजे पायडलच्या ७ फेऱ्या झाल्या की चेनच्या ३ फेऱ्या पुऱ्या होतात. आता समजा दोष चाकात आहे, एखादी तार सैल झाली आहे किंवा रिमला आउट आहे, तर आवाज ३ पायडलांत ८ वेळा यायला हवा. चेनची एखादी कडी आखडली असेल तर ७ पायडलांत ३ वेळा. आणि फ्रीव्हीलची कुत्री घसरत असतील तर आवाज असा ठरावीक वेळी येणारच नाही, कधीही येईल, आणि पायालाही हिसका बसेल. मी आठवी-ब च्या मुलांना मैदानाच्या कडेनं उभं करून मोजायला लावलं. मुलांना तासातून सुटका, त्यामुळे अतिशय मन लावून मोजलं. निकाल : पायडलच्या एका फेरीला एक कट्. ना जास्त, ना कमी.

म्हणजे दोष पायडलबरोबर फिरणाऱ्या वस्तूंत. अशा वस्तू किती? दोन पायडल, दोन क्रँक, बी.बी.चा दांडा, त्याच्या दोन्ही वाट्यांतले छर्रे (पाव इंची, एका बाजूला ११), चेनव्हील, आणि दोन कॉटर.

कॉटर ही चीज आताच्या मुलांना ठाऊक नसेल. पूर्वी क्रँक आणि बी.बी.चा दांडा जोडायला एक पाचर असायची. लोखंडाची, करंगळीपेक्षा बारीक, एका अंगानं उतरती घासलेली, शेपटाला आटे आणि नट. ती आरपार ठोकायची आणि नट आवळायचा. नवीन बसवताना तिचा सपाट भाग कानशीनं घासून दांड्याच्या खाचेशी अचूक जुळवावा लागतो. दोन्ही बाजूंचे कॉटर एकमेकांच्या उलट दिशेनं ठोकायचे, एकाच दिशेनं ठोकले तर पायडल एका ओळीत राहत नाहीत. सगळा माणसाच्या वजनाचा दाब त्या एका पाचरेवर. ती जराशी झिजली की पायडल खाली जाताना बोलते. कसं बोलते? कट्!

त्यामुळे माझा संशय कॉटरवर जाणं चूक नव्हतं. कुठलाही सायकलवाला आधी तिकडेच बघेल. मिस्त्रींनीही बघितलं. उजवा कॉटर त्यांनी बदलला. आवाज तसाच. पायडलचे छर्रे बदलले. आवाज तसाच. बी.बी. उघडून ग्रीस भरलं. (इंग्लिश रॅलेच्या बी.बी.चे आटे इतर कंपन्यांपेक्षा वेगळे, इंचाला २४ ऐवजी २६. त्यामुळे दुसऱ्या कुठल्याही सायकलीची वाटी तिला बसत नाही. हा रॅलेचा खास खाक्या.) आवाज तसाच. दर वेळी आठ आणे, रुपया. माझा पगार तो केवढा!

एप्रिलमध्ये मिस्त्रींनी स्वतः सायकल चालवून पाहिली. पाटलांच्या वाड्यापर्यंत जाऊन आले आणि डोकं खाजवत म्हणाले, "मास्तर, मी चालवली तर येत न्हाई. तुमी चालवली तरच येतोय. काय समजना."

हे वाक्य ऐकून मी पेटलो. मला वाटलं हा माणूस माझी थट्टा करतोय. उकाडा होता, चढ चढून आलो होतो, आणि दुकानाभोवती चार-पाच माणसं होती. मी म्हणालो, "आवाज का येतो ते मला ठाऊक आहे. अण्णांच्या सायकलीचा इंग्लिश कॉटर काढून घेतलास आणि त्या जागी देशी ठोकलास. तो ओरडतोय!"

'घेतलास' म्हणालो. पंधरा वर्षांनी मोठ्या माणसाला. चारचौघांत.

मिस्त्री काही बोलले नाहीत. गल्ल्याच्या डब्यातून दोन रुपये काढून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "मास्तर, दुसरीकडं बगा आता." आणि समोरच्या टायरमध्ये तोंड घातलं.

आता, माझ्या डोक्यात ते 'देशी' कुठून आलं? इतिहासाच्या मास्तरला हे ठाऊक असायला हवं होतं की १९७२ च्या सुमाराची आपली देशी सायकल ही अंगाखांद्यानं इंग्लिश सायकलच होती. मुंबईत वरळीला हिंद सायकल, मद्रासजवळ टी.आय. सायकल्स (१९४९ पासून, इंग्लंडच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सबरोबर), आसनसोलला सेन-रॅले, सोनिपतला १९५१ पासून ॲटलास, लुधियानात १९५६ पासून हीरो. २८ इंची चाकं, दांड्यांचे ब्रेक, चामड्याची सीट, अर्ध्या इंचाची चेन, आणि तोच कॉटर. इंग्लिश रोडस्टरचा सांगाडा आपण जवळपास जसाच्या तसा उचलला आणि तिकडे त्यांनी तो सोडून दिल्यावरही आपण चालवत राहिलो. म्हणून तर खेड्यातला, शाळा न शिकलेला मिस्त्री नॉटिंगहॅमची सायकल डोळे मिटून उघडू शकत होता! पण त्या काळी आमच्या सारख्या अर्ध्यामुर्ध्या शिकलेल्यांच्या मनात एक पक्कं गणित होतं. सायकल गुपचूप चालली तर इंग्लिश, ओरडली तर देशी. त्याला पुरावा लागत नसे.

पुढे त्या कारखान्यांचं काय झालं तेही सांगून टाकतो. हीरो वाढत वाढत १९८६ मध्ये जगातली सर्वांत मोठी सायकल कंपनी म्हणून गिनेस बुकात गेली. नॉटिंगहॅमचा रॅलेचा कारखाना २००२ मध्ये बंद झाला. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला थांबला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनाला! इतिहासाला असले योगायोग फार आवडतात.

परत १९७२ वर येऊ. मी मिस्त्रींचं दुकान सोडलं. रस्ता तोच, त्यामुळे रोज दोनदा त्यांच्या समोरून कट् कट् करत जायचो. ते मान वर करत नसत. जून आला, जुलै गेला. पाऊस नाही. आदल्या वर्षी पण ओढच होती. विहिरी तळाला गेल्या, शाळेतली पोरं कमी होऊ लागली. ज्यांनी तो दुष्काळ पाहिला आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही.

सप्टेंबरात एके दिवशी हेडमास्तरांचा निरोप पोचवायला शिपायाच्या मुलाला माझी सायकल दिली. सहावीतलं पोरगं, त्याचा पाय कुठला पोचणार! नळीखालून उजवा पाय घालून, एका कुशीवर कलून, अर्ध्या पायडलवर ते निघालं. आपण सगळे तसंच शिकलो. मी वर्गाच्या खिडकीत उभा होतो. सायकल माझ्यासमोरून गेली, फाटकापर्यंतचा चढ चढली, वळली.

आवाज नाही.

परत आलं तेव्हाही नाही. चेनचा सळसळ आवाज तेवढा, आणि मडगार्डचा थोडा खुळखुळ. मी त्याला परत पिटाळलं. पुन्हा तेच. मी खिडकीचा गज धरून उभा राहिलो आणि हळूहळू डोक्यात उजेड पडला. पायडलबरोबर फिरणाऱ्या वस्तूंची यादी मी केली होती, त्यात एक वस्तू धरायची राहिली होती. मी! पायडल मारताना माणूस उजवीकडे-डावीकडे डोलतो. एका फेरीला एकदा उजवीकडे. त्याच्या बुडाखाली सीट असते. पोरगं सीटवर बसलंच नव्हतं.

त्या सायकलीची सीट ब्रूक्सची, जाड चामड्याची, खाली स्प्रिंगा. संध्याकाळी सीट उलटी करून पाहिली. स्प्रिंगा ज्या क्लिपनं दांड्याला धरलेल्या असतात ती क्लिप उजव्या अंगाला केसभर सैल होती. मी वजनानं मिस्त्रींच्या दीडपट. माझा भार उजवीकडे गेला की ती सरके आणि कट् म्हणे. मिस्त्रींच्या वजनाला ती हलतच नसे! आणि चामडं कोरड्या हवेत सुकून आवळतं, त्यानं आणखी ताण. एरवीच्या वर्षी पावसाळ्यात चामडं सैलावून आवाज कदाचित आपोआप गेला असता. त्या वर्षी पाऊसच नव्हता. आणि आवाज खालून आल्यासारखा का वाटे? सायकलीचा सांगाडा म्हणजे पोकळ पोलादी नळ्या. पोलादातून आवाज हवेच्या पंधरापट वेगानं धावतो. सीटखाली झालेला कट् नळीतून उतरून बी.बी.पाशी पोचतो आणि तिथून पायाला जाणवतो. कान फसतो, पाय त्याहून जास्त फसतो.

अर्धा फेरा नट आवळला. दुसऱ्या दिवशी ११ किलोमीटर गेलो. शांत. इतकं शांत की मला रडू आलं.

मिस्त्रींच्या दुकानापाशी थांबलो तर पत्रे उतरवलेले. पंक्चर काढायला कुणाकडे पैसे नव्हते, त्यामुळे ते दुकान मिटवून दुष्काळी कामावर गेले होते. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांनी मांडली आणि आमच्याच तासगाव तालुक्यात ती आधी आजमावून पाहिली गेली होती, हे मी पुढे कित्येक वर्षं मुलांना अभिमानानं शिकवलं. पण तेव्हा मी ती कामं पाहिली ती सायकलवरून. डिसेंबरात एका रविवारी पाझर तलावाच्या कामावर मिस्त्री सापडले. बायकोबरोबर खडी फोडत बसले होते. ज्या बोटांनी पाव इंची छर्रे मोजून बसवायचे, त्या बोटांना चिंध्या बांधलेल्या.

मी म्हटलं, "मिस्त्री, आवाज सीटचा होता. क्लिप सैल होती."

ते हसले. खरोखर हसले. "सांगत हुतो न्हवं? मी चालवली तर येत न्हाई!" मग सीट हातानं दाबून पाहिली, मान हलवली. आणि थोडं थांबून, माझ्याकडे न बघता विचारलं, "आन् कॉटरचं काय मास्तर?"

मी म्हणालो, "जाऊ द्या हो ते आता."

इथे तुम्हाला वाटेल की मी माफी मागितली. मला पण बरीच वर्षं तसंच वाटत होतं. पण नीट बघा. आवाज कॉटरचा नव्हता एवढंच मी कबूल केलं. कॉटर बदलला नव्हता, असं मी म्हणालो नाही. कारण मनात खोलवर मला अजूनही वाटत होतं की अण्णांचा इंग्लिश कॉटर त्यानं काढून घेतलाच असणार. जाऊ द्या म्हणणं म्हणजे मोठ्या मनानं सोडून देणं. ते मिस्त्रींना बरोबर कळलं. त्यांनी हातोडी उचलली.

पुढे पाऊस पडला, दुकान पुन्हा उभं राहिलं, मी तिथेच हवा भरायचो, नमस्कार-चमत्कार होते. पण त्यांनी माझ्या सायकलीच्या क्रँकला परत कधी हात लावला नाही. "त्ये तुमी सांगलीत दाखवा," म्हणायचे. १९९१ मध्ये ते वारले. मी मयतीला गेलो होतो.

आता वहीची गोष्ट. गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत अण्णांची लोखंडी ट्रंक सुनेनं माळ्यावरून खाली काढली. आत त्यांच्या जमाखर्चाच्या वह्या. मी त्या पूर्वी वरवर चाळल्या होत्या, पण जमाखर्च काय वाचायचा, म्हणून ठेवून दिल्या होत्या. मुलांना चाळीस वर्षं 'अस्सल साधनं वाचा, अस्सल साधनं वाचा' म्हणून सांगणाऱ्या मास्तरची ही तऱ्हा! या वेळी रिकामपणी वाचत बसलो. १९६३ च्या वहीत, मोडीची सवय न सुटलेल्या त्या अक्षरात, नोव्हेंबरातली एक ओळ : सायकल, कॉटर दोन्ही नवे, मजुरीसह सव्वा रुपया. पुढे १९६६ मध्ये पुन्हा उजवा कॉटर. १९६९ मध्ये पुन्हा.

कॉटर ही झिजायचीच वस्तू. दोन-तीन वर्षांनी बदलावीच लागते, हे मला १९७२ मध्येही ठाऊक होतं. पण अण्णांच्या सायकलीबाबत ते लागू करावं असं सुचलं नाही. नॉटिंगहॅमहून आलेले कॉटर मिस्त्रींनी ती सायकल पहिल्यांदा पाहिली त्याच्या आठ वर्षं आधीच भंगारात गेले होते. अण्णांनी स्वतः घातले होते. आणि 'इंग्लिश' म्हणायला कमी केलं नव्हतं!

जानेवारीत मी वही पिशवीत घालून गावी गेलो. चिंचेचं झाड रस्ता रुंद करताना गेलं. मिस्त्रींच्या मुलाचं आता तिथेच मोटारसायकलींचं गॅरेज आहे, कोपऱ्यात सायकलीही घेतो. माझा विद्यार्थी. मी त्याला सगळं सांगितलं, वहीतल्या ओळी दाखवल्या. त्यानं हात पुसून वही घेतली, चश्मा कपाळावर ढकलून वाचली. मी विचारलं, "तुझे वडील घरी कधी बोलले होते का रे याबद्दल?"

"न्हाई सर. आमाला ठाऊकच न्हाई." मग जरा थांबून म्हणाला, "पर कॉटर बदलला की जुना गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, ह्यो दंडक हुता त्यांचा. आमाला शिकवतानाबी तेच. जुना मागितला न्हाई तरी द्यायचा."

त्यानं चहा मागवला. चहा येईपर्यंत आम्ही दोघं रस्त्याकडे बघत बसलो. मग त्यानं विचारलं, "सायकल हाय का अजून?"

आहे. पुण्यात, मुलाच्या गॅलरीत, चादर घालून.

"पाठवा की सर. बघतो."

पुढच्या आठवड्यात सांगलीला जाणाऱ्या एका ओळखीच्या टेम्पोत ती चढवणार आहे. काल खाली आणून एक फेरी मारली. उजवीकडे आवाज येतो आहे. उभं राहून पाहिलं, बसून पाहिलं, दोन्ही वेळा येतो. या वेळी कॉटरच आहे.